माणसे काम करीत आहेत

बोईसरच्या ज्या इमारतीत नागोराव जोंधळे राहतात, तिथे कुणाच्या घरी नुसता गॅसचा सिलिंडर बदलायचा असला तरी आधी पोराबाळांना जिन्यात काढतात. गच्चीवरची टाकी धुवायला एक माणूस आत उतरला की दुसरा वर उभा राहून नुसता त्याच्याकडे बघतो. बघणं हेच त्याचं काम. सत्यनारायणाला निरांजनापलीकडे जाळ नसतो, तरी चौरंगाशेजारी वाळूची बादली असते. बाहेरच्या पाहुण्यांना हा भित्रेपणा वाटतो. तसा तो नाही, शिस्त आहे. इमारतीतली बहुतेक बिऱ्हाडं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. कुणी परभणीकडचं, कुणी बुलढाण्याचं, कुणी थेट सांगलीचं. गावं वेगळी, कारखाने वेगळे. पण वळण लावणारा माणूस एकच, नागोराव. ते एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. दर गणपतीत, आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्यापूर्वी, म्हणजे श्रोत्याला उठून जाता येणार नाही अशी वेळ नेमकी साधून, ते सुरक्षेवर बोलतात. "आधी खबरदारी, मग काम" हे त्यांचं वाक्य इमारतीतली बारकी पोरं लगोरी मांडतानाही म्हणतात.

गेल्या गणपतीत त्यांनी प्रश्नमंजूषाही घेतली. स्विचवर लाल टॅग दिसला आणि स्विच मात्र चालू दिसला, तर काय कराल? कुणी म्हणालं, साहेबांना विचारू. कुणी म्हणालं, फोन करू. तळमजल्यावरचा बबलू तायडे हा इलेक्ट्रिशियन, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आधी स्विच पाडायचा, मंग इचारायचं." नागोरावांनी त्याला सगळ्यांसमोर स्टीलचा डबा दिला आणि वर पाठीवर थापही दिली. तो डबा बबलू अजून कामावर नेतो.

अशा माणसाचा कॉम्प्युटर सुरू होईना.

म्हणजे अगदीच होत नव्हता असं नाही. बटण दाबलं की आतला पंखा फिरे, दिवा लागे आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ येई, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही. कर्त्या माणसाने घरात बसून "मी घरात नाही" म्हणून सांगावं, तसला हा प्रकार. बंद करून परत लाव, परत बंद करून परत लाव, असं केलं की लहर लागली तर तो उठे, थोडा वेळ शहाण्यासारखा चाले आणि मग होता तिथे थिजून बसे. नागोरावांच्या पत्नी साखरबाई म्हणाल्या, "तुमच्या वळणावर गेलाय. उठायला तास, आन् उठला की चहा पिऊन परत आडवा."

एरवी तो वर्षभर बंद असता तरी घरात कुणाचं काही अडलं नसतं. पण आता अडलं होतं, आणि ते सुकाचं.

सुका हा जव्हारकडच्या डोंगरातला. भात कापून झाला की बायकोला, लाडकीला घेऊन खाली यायचा आणि ठेकेदारामार्फत नागोरावांच्याच कारखान्यात लागायचा. तिथल्या पंपाच्या फिरत्या दांड्यावर एक जाळी असते. ती असली की हात आत जात नाही. ती नव्हती. सुकाचा हात गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याची बोटं आत राहिली. कारखान्याचं म्हणणं, जाळी होती; सुकानेच पुसायला म्हणून काढली. सुकाचं म्हणणं, मी तिथे जाळी कधी बघितलीच नाही.

यातलं खरं काय ते एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात नागोरावांनी फेरी मारताना त्या बिनजाळीच्या पंपाचे फोटो काढले होते, त्यावर लाल गोल केला होता आणि वर कळवलंही होतं. वरच्यांनी ते कळवून घेतलं होतं, एवढंच. अपघातानंतर मॅनेजरसाहेबांनी सगळ्या पर्यवेक्षकांना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि प्रत्येकाच्या मोबाईलमधले फेरीचे फोटो समोर बसवून, अगदी मायेने, पुसायला लावले. नागोरावांनीही पुसले. पण मोबाईल भरत आला की फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायची त्यांना सवय, आणि हे फोटो आधीच, तारखेसकट, घरी पोचलेले होते. हे त्यांनी मनात ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते इस्पितळात सुकाला बघायला गेले, त्याचा गुंडाळलेला हात बघून त्यांचा कंठ दाटला, आणि दाटल्या कंठाने ते सगळं सांगून बसले. कंठ दाटतो घटकाभर, निस्तरावं लागतं सावकाश.

पालघरला भरपाईची सुनावणी लागली, सोमवारी. सुका अधूनमधून दारात येऊन उभा राहू लागला.

"साहेब, तू येशील ना?" त्याच्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, साहेबाला तू आणि देवालाही तू.

"येणार म्हणजे? येणारच!" नागोराव म्हणत. "फक्त तो कॉम्प्युटर एकदा सुरू होऊ दे."

इथे एक बारीकशी नोंद करून ठेवू, पुढे लागेल. नागोरावांच्या निवृत्तीला फार काळ उरलेला नव्हता. मॅनेजरसाहेबांचा त्यांच्यावर लोभ होता. आणि "कॉम्प्युटर सुरू होत नाही रे" असं सुकाला सांगताना नागोरावांच्या आवाजात जेवढं दुःख असे, तेवढं ते चेहऱ्यावर उतरत नसे. साखरबाईंच्या हे ध्यानात आलं होतं. त्या बोलल्या नव्हत्या. त्यांच्याकडे लोणचं आणि नवऱ्याचे गुण दोन्ही मुरवून मगच वाढतात.

दुरुस्तीची बातमी जिन्यात गेली आणि सल्ल्यांची आवक सुरू झाली. समोरच्या काकूंचं मत पडलं की दांडीच्या किनाऱ्याकडून खारा वारा येतो, त्याने डिस्कला आतून गंज चढतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी केळव्याच्या शितलादेवीला नारळ बोलायला सांगितला. त्यांचा पाणी उपसायचा पंप त्यानेच सुरू झाला होता, अर्थात वायरमन येऊन गेल्यावर. एकाने कॅबिनेटला उजव्या अंगाने चापट मारायला सांगितली, दुसऱ्याने डाव्या अंगाने, आणि दोघांत जी बाचाबाची झाली तीत नागोरावांनी दोन्ही अंगांनी मारून घेतल्या.

मग वरच्या मजल्यावरचा विक्रम आला. विक्रम अणुवीज केंद्रातल्या कँटीनच्या भांडारात कामाला आहे, पण बोलतो असा की अणू त्याला विचारल्याशिवाय फुटत नाहीत. त्याने स्क्रू ड्रायव्हरने कॅबिनेट उघडलं आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणवून धूळ उडवली. ती साखरबाईंनी नुकत्याच वाळत घातलेल्या शेवयांवर बसली. आत बघून तो म्हणाला, "हे काय, दोन डबे आहेत की यात, काका."

"दोन कशाला?"

"एक चालू, एक राखीव. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला राखीव असतं. मोठ्या यंत्रणेत असंच असतं."

आपली यंत्रणा मोठी आहे हे ऐकून नागोरावांना बरं वाटलं, आणि दोन डब्यांचा विषय तिथेच मिटला. विक्रमने वायरी काढून परत खोचल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. पांढरी ओळ आली. "धूळ फार होती," असं निदान करून तो चहा प्यायला बसला.

शेवटी रोग सापडला तो मुलीला. उत्कर्षा पालघरच्या कॉलेजात शिकते. तिने डिस्कवरचं नाव मोबाईलवर टाकून शोधलं. "बाबा, हा या डिस्कचाच दोष आहे. बनवणाऱ्यांनी कबूलही केलाय. फर्मवेअर अपडेट करा म्हणतात."

"म्हणजे काय करायचं?"

"डिस्कच्या पोटात तिचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. डिस्कने डिस्कसारखं कसं वागायचं ते तो सांगतो. तो बिघडलाय, नवा घालायचा."

"थोडक्यात, तिला ट्रेनिंग द्यायचं," नागोराव सावरून बसले. "मग ते माझंच काम."

पण काम सरळ सुरू केलं तर ते नागोरावांचं कसलं? कोणतंही काम रीतसर परवानगीने व्हावं हा त्यांचा बाणा. त्यांनी डिस्कवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई वाजली. मग एक मुलगी आली.

"सर, आपका जिला?"

"पालघर."

"सर, पालघर लिस्ट में नहीं दिख रहा. ठाणे डाल दूँ?"

झालं. जिल्हा वेगळा व्हावा म्हणून ज्या सभा झाल्या त्यांत नागोराव खुर्च्या मांडायला होते. त्यांनी पालघर हा स्वतंत्र जिल्हा कसा आहे, त्याला समुद्र कसा आहे, डोंगर कसा आहे, आणि आता मुख्यालयाला केवढ्या इमारती आहेत हे हिंदीत सांगितलं. मुलगी म्हणाली, "जी सर, बहुत अच्छा लगा. तो ठाणे डाल दूँ?" नागोरावांनी फोन ठेवला. राग उतरल्यावर परत लावला, आणि मान खाली घालून ठाणे म्हणाले. तर ठाण्याशी बोईसरचा पिनकोड जुळेना. ही झटापट चालू असताना उत्कर्षाने बाजूला बसून फर्मवेअर कधीच उतरवून घेतलं होतं. त्यासाठी जिल्हा लागतच नव्हता.

सोबत दोन सूचना होत्या. पहिली, काम सुरू करण्यापूर्वी डिस्कवरच्या सगळ्याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. दुसरी, काम चालू असताना वीज जाता कामा नये. गेली तर डिस्क कायमची गेली.

"बाबा, पहिली सूचना," उत्कर्षा म्हणाली. "तो चुकून सुरू होईल तेव्हा सगळ्यात आधी सुकादादाचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊ. मग मरेना का डिस्क."

"घेऊ ना. न घेऊन कसं चालेल?"

मग पेनड्राइव्ह सापडेना. सापडली तेव्हा तिच्यात व्हायरस असेल असं नागोरावांना वाटलं. नसेल, असं उत्कर्षाने दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, की आजारी माणसाच्या अंथरुणाखालचं सामान ओढू नये. आधी बरा होऊ दे. बुधवारी सकाळी उत्कर्षा कॉलेजला गेल्यावर कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात उठला आणि चांगला दोन कप चहा होईतो चालला. नागोराव तेवढा वेळ गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. तुळस बुडाली. साऱ्या वसाहतीला "आधी खबरदारी" शिकवणाऱ्या या माणसाने पहिली खबरदारी ओलांडून थेट दुसरीवर उडी घेतली, आणि ती मात्र अशी घेतली की अणुवीज केंद्राने शिकावं.

दिवस ठरला शुक्रवार, कारण वसाहतीला सुट्टी शुक्रवारची. पण सुट्टी असते म्हणूनच वीज मंडळही दुरुस्तीची कामं शुक्रवारी काढतं. विक्रमने ओळखीच्या लाइनमनला गाठलं. तो म्हणाला, या शुक्रवारी खणाखणी पाम गावाकडच्या लाइनीवर, तुमच्याकडे नाही. तरी विक्रमने स्वतःचा राखीव इन्व्हर्टर खाली आणायचं ठरवलं. चार माणसांनी तो जिन्यातून उतरवला, भिंतीचा रंग आणि मास्तरांच्या पायाचा अंगठा खरवडत. जोडून बघितला तेव्हा कळलं की बॅटरीतलं पाणी आटून युगं लोटली आहेत. "राखीव होता म्हणून वापरला नव्हता," विक्रम म्हणाला.

आता धोका उरला फक्त माणसांचा. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत प्रत्येक बिऱ्हाडाचा मेन स्विच. तिथे कुणी सायकल ठेवतं, कुणी झाडू. चुकून कुणाचा हात लागला तर? नागोरावांनी कामाच्या पिशवीतून कारखान्याचा लाल टॅग काढला. त्यावर कवटी, खाली दोन हाडं, आणि ठळक अक्षरं: धोका! माणसे काम करीत आहेत. स्विचला हात लावू नये.

कारखान्यात हा टॅग कधी लावतात? आधी स्विच पाडतात, मग त्याच्यावर टॅग अडकवतात. म्हणजे आत वायरीत हात घालून बसलेला माणूस कुणी स्विच लावल्याने जळून मरणार नाही. हे नागोरावांनी आयुष्यभर शिकवलं होतं. पण आज त्यांना स्विच चालू राहायला हवा होता, आणि हात लावू नये हे मोठ्या अक्षरात सांगणारी दुसरी वस्तू त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी चालू स्विचवर टॅग अडकवला, दोनदा ओढून बघितला, आणि समाधानाने वर आले. दारोदार निरोप दिला होताच. फक्त बबलू तेवढा राहिला, कारण तो रात्रपाळीला होता.

शुक्रवारी कॉम्प्युटर डिस्कवरून काही केल्या उठेना, म्हणून उत्कर्षाने फर्मवेअर पेनड्राइव्हवर घालून थेट तिच्यावरूनच लावलं. अपडेट सुरू झालं. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. खोलीत सगळी इमारत. पंखा बंद ठेवलेला, उगीच वीज ओढायला नको. लोक बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलतात तसे दबक्या आवाजात बोलत होते. मास्तर पट्टी सरकली की "आली, आली" म्हणत. सुकाचं नाव कुणीतरी काढलं आणि काकू म्हणाल्या, "पुण्य लागेल हो तुम्हाला, नागोराव." नागोरावांनी नम्रपणे पट्टीकडे बघितलं.

पट्टी अर्ध्यावरून पुढे गेली, आणि त्याच वेळी खाली बबलू स्टीलचा डबा हातात घेऊन रात्रपाळीवरून परतला. मीटरच्या खोलीचं दार उघडं, म्हणून त्याने वाकून बघितलं. टॅग. कवटी. माणसे काम करीत आहेत. आणि वर स्विचचा दांडा चालू.

कुणीतरी आत हात घालून बसलंय आणि लाइन जिवंत! डबा फेकून त्याने उडी मारली, दांडा खाली पाडला, पुन्हा कुणी लावू नये म्हणून नियमाप्रमाणे फ्यूज उपटून खिशात घातला, आणि जिन्यातून ओरडत सुटला, "हात काढा! हात काढा!"

वर पडदा काळा झाला.

बबलू धापा टाकत दारात आला आणि नागोरावांना धडधाकट बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका! वाचले तुमी! टॅग होता आन् स्विच चालूच होता! एक मिनिट उशीर झाला असता ना..."

सगळे काळ्या पडद्याकडे बघताहेत हे पाहून तो गोंधळला. "तुमीच तर शिकोलं ना काका? आधी पाडायचा, मंग इचारायचं."

"मग विचार आता," साखरबाई म्हणाल्या.

नागोरावांची पंचाईत बघा. ओरडावं कुणावर? "नियमाप्रमाणे शंभर टक्के बरोबर आहे," असं विक्रमने तेवढ्यात जाहीरही केलं. ज्या माणसाने डिस्क मारली तो त्यांचाच पहिल्या नंबरचा विद्यार्थी. सगळी इमारत त्यांच्याकडे बघत होती, आणि आयुष्यभराच्या प्रतिष्ठेला दुसरा रस्ता नव्हता. त्यांनी उठून बबलूच्या पाठीवर थाप दिली. "शाब्बास," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या घशातून बाहेर येताना कुठेतरी खरचटला असावा.

फ्यूज बसवला, स्विच लावला. आता पांढरी ओळसुद्धा येईना. उत्कर्षाने रडवेल्या तोंडाने कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रूपलच्या दुकानात नेऊन टाकला. तिथून ती आली ती रूपलचा एवढाच निरोप घेऊन, की डिस्क मेली, बाकी बघून सांगते.

दोन दिवस लोक भेटायला येत होते. "कसं झालं हो एकाएकी?" असं विचारून दाराशी चपला काढत. नागोराव भिंतीला टेकून बसत आणि "आपल्या हातात काय असतं?" म्हणत. बबलूला तर त्यांनी इतक्या झटकन माफ केलं की तो आणखीच खचला, जेवणावरून उठू लागला. एवढ्या उदारपणे माफ करणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याचं काही गेलेलं नसतं. शनिवारी नागोरावांनी वांग्याचं भरीत मागून घेतलं. साखरबाईंनी भाकरी वाढली, आणखी एक वाढली, मग परात पुढ्यातून काढून घेतली.

"सुतक चांगलं मानवलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काही नाही. बुधवारी पेनड्राइव्ह मी कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती. तुळशीला पाणी घालून झालं की घ्याल म्हणलं. तुळशीला पाणी घालून झालं, आन् पेनड्राइव्ह परत कपाटात गेली. कपाटाला पाय फुटले असतील."

नागोराव पाणी प्यायले. भरीत फार तिखट झालं होतं.

रविवारी सुका आणि लाडकी आले. उंबऱ्याबाहेरच बसत होते, साखरबाईंनी हाताला धरून आत घेतलं. बबलू आणि विक्रम होतेच. दुःखात सोबत हवी म्हणून विक्रम चहाच्या वेळी न चुकता येत होता. नागोरावांनी शुक्रवारपासून मनात घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं. कॉम्प्युटर गेला, फोटो गेले, आपण सगळे प्रयत्न केले, इमारत साक्षीला आहे.

सुका ऐकत राहिला. मग चांगला हात पुढे करून त्याने नागोरावांच्या गुडघ्यावर ठेवला. "जाऊं दे, साहेब. तुझा मोठा लुकसान झाला. तू जिवाला नको लावून घेऊ."

त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लाडकी मात्र तशीच बघत होती. "फोटू गेला. मंग तू तोंडानं सांग. तू डोल्यांनी बगितला हाय ना, जाली नव्हती?"

"अगं, तोंडी काय उपयोग?" नागोराव तिला समजावू लागले. "कायद्याला पुरावा लागतो. नुसत्या माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? फोटो असते तर गोष्ट निराळी. फोटो असते तर मी..."

उत्कर्षाचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. रूपलचा आवाज साऱ्या खोलीत घुमला. "अरे, तुझ्या पप्पांना दे! अंकल, तुम्ही पण कमाल करता हां! मशिनमध्ये दोन डिस्क आहेत, तुम्हाला माहितीच नाही? मेली ती नवी, जिच्यावरून मशिन सुरू व्हायचं ती. जुनी एकदम मस्त आहे. तुमचे सगळे फोटो जुनीवरच आहेत!"

"राखीव!" विक्रम उठून उभाच राहिला. "मी म्हटलं होतं का नाही, राखीव!"

बबलूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडला. बाहेरून काकू धावत आल्या. उत्कर्षाने सुकाला मिठीच मारली, त्याला काही कळायच्या आत.

"सगळे?" नागोरावांनी विचारलं. "म्हणजे, खराब वगैरे नाही झाले?"

"एक पण नाही! तो पंपवाला तर एकदम क्लियर आहे, लाल गोल केलेला, तारीख पण आहे. पेनड्राइव्हवर टाकले, आणि माझ्या मशिनवर पण एक कॉपी ठेवलीय. बॅकअप पहिला घ्यायचा, अंकल. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सगळे फोनकडे बघून हसत होते. लाडकी फोनकडे बघत नव्हती. ती नागोरावांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर शुक्रवारपासून जे नव्हतं ते सुतक आता कुठे उतरायला लागलं होतं.

"मंग उंद्या येशील ना?" ती म्हणाली.

नागोराव काही बोलायच्या आत इमारत बोलली. "येतील म्हणजे? येणारच! का नाही येणार?" साखरबाई आत जाऊन इस्त्रीचा शर्ट काढू लागल्या.

सोमवारी पालघरला त्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात नागोराव पेनड्राइव्ह वरच्या खिशात घालून उभे होते. तिच्यावर सारखा हात जात होता, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा. शेजारी सुका आणि लाडकी. एक कारकून बाहेर आला आणि म्हणाला, सुनावणी घेणारे साहेब बैठकीला गेलेत, पुढची तारीख मिळेल. नागोरावांच्या छातीवरचा दगड टुणकन उडाला. पुढची तारीख! म्हणजे आणखी महिना, दोन महिने. तोवर काय काय होऊ शकतं, माणसं बदलतात, साहेब बदलतात, निवृत्त्या होतात. त्यांना एकदम चहाची तल्लफ आली. आणि त्या तल्लफेला त्यांनी या वेळी ओळखलं. शनिवारी भरताच्या वासाने अशीच भूक लागली होती. ओळख पटली म्हणून ती काही कमी झाली नाही.

ते जायला वळले तर समोरून कारखान्याचे मॅनेजरसाहेब येत होते, वकिलाशी हसत बोलत. त्यांनी नागोरावांना बघितलं, मग शेजारच्या बांधलेल्या हाताला बघितलं, आणि हसू तसंच ठेवून म्हणाले, "अरे जोंधळे! तुम्ही इकडे कुठे?"

किती साधा प्रश्न. याला शंभर उत्तरं होती. सातबाऱ्याचं काम, मुलीच्या कॉलेजचं काम, सहज आलो होतो. साहेबांनी विचारलाच होता असा मायेने की कुठलंही उत्तर त्यांनी चालवून घेतलं असतं. नागोरावांनी तोंड उघडलं, आणि इतके दिवस घोकलेलं तेवढं एकच वाक्य बाहेर पडलं.

"कॉम्प्युटर... सुरू होत नव्हता, साहेब."

"बरं, मग?" मॅनेजरसाहेबांना काही समजलं नाही.

"आता झाला," लाडकी म्हणाली. ती नागोरावांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या वरच्या खिशाकडे बोट केलं. "त्यानं फोटू आनलंय. जाली नव्हती, त्याचा."

मॅनेजरसाहेबांचं हसू विझलं नाही, फक्त त्यांची नजर सावकाश खाली उतरून त्या खिशावर थांबली. नागोराव हललेही नाहीत. स्विचचा दांडा वर गेला होता, टॅग अडकवायला कुणाला सुचलं नव्हतं, आणि आत माणूस होता.